अवलोकनार्थ सादर

विषय : मठाकरिता उच्च क्षमतेचा संगणक, पडद्यासह, खरेदी करण्यास मान्यता मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. पुष्कर नाडगौडा, मठनिवासी, यांचा अर्ज. सदर अर्जाचे स्मरणपत्र. आणि सदर स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून विश्वस्तांची बैठक मठाच्या ओसरीवर भरली, तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो असा :

“चाकं वेगळी का?”

विचारणारे झांजे भाऊसाहेब. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात मठाचे चिटणीस झाले. कागदावाचून राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवलं नव्हतं.

“चाकं ऐच्छिक आहेत,” पुष्कर म्हणाला. “यंत्र जड असतं. हलवायचं असेल तर चाकं घ्यायची. नाहीतर नुसते पाय.”

“पाय धरलेत का किमतीत?”

“धरलेत.”

“उपकार झाले. आणि ही एवढी रक्कम चार चाकांची?”

“हो.”

“एवढ्यात आमच्या म्हसवडच्या बाजारात खोंड येतो, पुष्करराव. त्यालाही चार पाय असतात, आणि तो आपला आपण चालतो.”

मठाधिपती रामलिंगबुवा खांबाला टेकून, डोळे मिटून बसले होते. ते हसले की नाही, कळलं नाही.

भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवला. “पडद्याखाली हे काय? स्टँड... वेगळा?”

“पडद्याचा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो.”

“नाही घेतला तर पडदा कशावर उभा राहतो?”

“नाही राहत.”

बुवांनी डोळे उघडले.

“पडदा मिळाला, तरी आधार वेगळा शोधावा लागतो?”

“हो, बुवा.”

“बरोबर आहे,” बुवा म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

भाऊसाहेबांनी दुसरा कागद काढला. कराडच्या दुकानात सुटे भाग जोडून यंत्र करून देत होते. किंमत तिसऱ्या हिश्शाने. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे.

“ते पोरांच्या खेळाचं यंत्र,” पुष्कर म्हणाला. “गणपतीची आरास आहे ती.”

“आणि तुमचं? दर्शनी अंगाला नुसती भोकं. आमच्या घरी अशी किसणी आहे. तिच्यातून निदान खोबरं निघतं.”

विश्वस्त हसले. पुष्करला ते लागलं. त्या यंत्राच्या रूपावर त्याचा मनापासून जीव होता. एखाद्याने मुलीचा फोटो खिशात बाळगावा, तसं त्याचं चित्र तो बाळगून होता.

“ती भोकं शोभेची नाहीत, भाऊसाहेब. धातूच्या एकाच ठोकळ्यातून, दोन्हीकडून गोल कोरत आणलीत. हवा खेळती राहते. कितीही काम द्या, यंत्र तापत नाही, आवाज करत नाही.”

“काम करतं आणि बोलत नाही?” बुवांनी विचारलं.

“नाही बोलत.”

“मग मला कशाला धरून बसलायस? त्यालाच गुरू कर.”

पुन्हा हशा झाला. पुष्कर हसला नाही. तो बुवांच्या डोळ्यांकडे पाहत होता. बुवा बोलले ते त्याच्याकडे तोंड करून, पण नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. मागच्या महिन्यापर्यंत ती चेहऱ्यावर येत असे.

बुवांना काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. कडेचं दिसणं गेलंय. नळीतून पाहावं तसं मधलं उरलंय, तेही जाईल. दिवाळी बघतील, होळीचं सांगता येत नाही.

आणि पुष्करला त्यांना एकच गोष्ट दाखवायची होती.

मठाचे मूळपुरुष घोंगडीबाबा. त्यांनी कधी फोटो काढू दिला नाही, चित्र काढू दिलं नाही. कोणी टक लावून पाहिलं, तर म्हणत, “माझ्याकडं काय बघता? मी बघतो तिकडं बघा.” लोक आज्ञाधारक होते. सगळे तिकडे बघत राहिले, आणि बाबा गेल्यावर ध्यानात आलं, की बाबांकडे कोणी बघितलंच नाही. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही, तसबीर नाही. घडी केलेलं एक घोंगडं आहे.

बघितलं होतं एकानेच. रामलिंगबुवांनी. लहानपणापासून ते बाबांच्या पायाशी होते, आणि ही एक आज्ञा त्यांनी मोडली होती.

म्हणजे तो चेहरा जगात आता एकाच ठिकाणी उरला होता.

पुष्कर मुंबईत चेहरे करण्याचं काम करत असे. जाहिरातींच्या कंपनीत. साठीच्या नटांना तो तिशीत आणून ठेवी. एका दिवंगत नटाला त्याने मरणोत्तर चहा पाजला होता, आणि त्याबद्दल त्याला बक्षीस मिळालं होतं. बक्षीस घेऊन घरी आला तेव्हा, का कोण जाणे, त्याला चहा गिळेना. पुढे हिंडत हिंडत तो माणदेशातल्या या टेकडीवर आला आणि राहिला.

बाबांचा चेहरा नाही हे त्याला इथे कळलं. त्याला वाटलं, आपण शिकलो ते याचसाठी.

मग रोज सकाळी, काकडआरती झाली की, बुवा त्याच्या जुन्या संगणकासमोर येऊन बसत.

“कपाळ कसं होतं, बुवा?”

“विहिरीच्या काठासारखं. झिजलेलं, पण रुंद.”

“डोळे?”

“डावा आधी हसायचा. उजवा मागनं.”

“आणि कान?”

“कान... कोणी रडत आलं की पुढं यायचे.”

पुष्कर काढी. पुसे. पुन्हा काढी. सकाळी बुवा पडद्याजवळ नाक नेऊन पाहत आणि म्हणत, “हे नव्हेत.”

रोज तेच. हे नव्हेत.

आसपासच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या. त्यांची वीज कुठे जात होती ती जात होती. मठात ती पाहुण्यासारखी येई आणि चहा न घेता जाई. सुरकुत्यांचं काम यंत्रावर लावावं, आणि अर्ध्या गालावर वीज जावी.

“चूक माझ्या हाताची नाही, बुवा,” पुष्कर एकदा म्हणाला. “माणसाच्या कातडीतून उजेड थोडा आत शिरतो, म्हणून ती जिवंत दिसते. या यंत्राला तो हिशेब झेपत नाही. चेहरा मेणाचा दिसतो तो त्यामुळं. चांगलं यंत्र द्या, मी तुम्हाला बाबा आणून दाखवतो.”

“आणून?”

“जसेच्या तसे.”

बुवा पडद्यापासून मागे सरले.

“यंत्र चांगलं निघालं तर?” त्यांनी विचारलं.

पुष्करला वाटलं, बुवांच्या तोंडून चुकून उलटं निघालं. वाईट निघालं तर, असं विचारायचं असेल.

“निघेलच,” तो म्हणाला. आणि अर्ज केला.

तर बैठक. चाकं झाली, स्टँड झाला, किसणी झाली. विश्वस्तांनी नेहमीप्रमाणे ठरवलं, की बुवा ठरवतील.

बुवा म्हणाले, “ठेवून द्या.”

“तसं ठेवता येत नाही, बुवा,” भाऊसाहेब म्हणाले. “अर्जावर शेरा लागतो. मंजूर किंवा नामंजूर.”

“मंजूर नाही आणि नामंजूर नाही, असं तुमच्या कचेरीत काही नव्हतं?”

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांच्या प्रांतातलं कोणी त्यांना फार दिवसांत विचारलं नव्हतं.

“होतं की. साहेबाला नाही म्हणायचं नसलं, आणि हो म्हणायची छाती नसली, की तो कागदावर लिहायचा ‘पाहिले’. खाली सही. कागद खाली यायचा. आम्ही पुन्हा वर पाठवायचो. साहेब बदलायचा. नवा साहेब पुन्हा लिहायचा ‘पाहिले’. धरणाखाली गेलेल्या जमिनीच्या अर्जावर मी असे सात साहेब बघितलेत. अर्जदार वारला, पण त्याला कोणी नाही म्हटलं नाही.”

“पाहिले,” बुवा हळूच म्हणाले. “चांगला शब्द आहे.”

“लिहू?”

“आत्ता नको... अजून कुठं पाहिलंय?”

पुष्कर उठून गेला. पायऱ्यांवर बसला. गुरूला आपल्या गुरूचा चेहरा दाखवायचा, एवढंच त्याचं मागणं. आणि इथे चाकांवरून थट्टा चालली होती. त्याला रडू आलं, आणि राग आला म्हणून ते थांबलं.

त्याने स्मरणपत्र दिलं. मग त्या स्मरणपत्राचं स्मरणपत्र.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या विक्रेत्याने, गिऱ्हाईक गळाला लागेल या आशेने, एक यंत्र चाचणीसाठी पाठवलं. पडदा आला, स्टँड आला. चाकं अर्थातच नव्हती. चौघांनी नवरदेवासारखं उचलून ते पायऱ्या चढवलं. भाऊसाहेब पुढे चालत होते.

“सावकाश,” ते म्हणत होते. “किसणी आहे.”

विजेचा भरवसा नव्हता, म्हणून लग्नमांडवाचा जनरेटर भाड्याने आणला. यंत्राचा खरोखरच आवाज होत नव्हता. जनरेटरपुढे तो झाला असता तरी कळलं नसतं.

पुष्कर खोलीत शिरला तो जेवायलाही बाहेर येईना. बुवांनी सांगितलेलं सगळं त्याच्या हातात साठून राहिलं होतं. विहिरीचा काठ. मागून हसणारा डोळा. पुढे येणारे कान. जुनं यंत्र जिथे धापा टाकत बसे, तिथे हे नुसतं पुढे पुढे जात होतं. कातडीत उजेड शिरला. गालाच्या खळीत सावली बसली. भुवईतला एक पांढरा केस वाऱ्याने हलला.

त्याने बुवांना हाताला धरून आणलं. भाऊसाहेब मागोमाग आले.

पडद्यावर एक म्हातारा कुठेतरी दूर पाहत होता. त्याने मान वळवली. डावा डोळा हसला. मग उजवा.

भाऊसाहेबांनी टोपी काढली. आपण ती काढली, हे त्यांना मागाहून समजलं.

बुवा पडद्याजवळ गेले. नाक काचेला लागेल इतके जवळ. त्या नळीतून त्यांनी कपाळ पाहिलं, डोळे पाहिले, कान पाहिले.

पुष्कर ते दोन शब्द ऐकायला तयार राहिला.

ते आले नाहीत.

“हेच ना, बुवा?”

...

“बुवा, हेच ना?”

“तो जनरेटर बंद करायला सांगा,” बुवा म्हणाले.

भाऊसाहेब गेले. आवाज थांबला, आणि यंत्रही विझलं. खोलीत नुसता दिवसाचा उजेड राहिला.

“तू मठात आलास,” बुवा म्हणाले, “तेव्हा डोळे मिटले की बाबा दिसायचे. न बोलावता.”

“आणि आता?”

“आता तू काढलेले दिसतात.”

पुष्करने विझलेल्या पडद्याकडे पाहिलं.

“पहिल्या पहिल्यांदा तू ओबडधोबड काढायचास. संध्याकाळपर्यंत तुझे चेहरे गळून जायचे. मग बाबा परत यायचे... पुढं तुझा हात सुधारला. ते उशिरा यायला लागले. आषाढापासून आले नाहीत.”

“पण तुम्ही रोज सांगत होता! हे नव्हेत, म्हणून.”

“तेवढंच आठवत होतं. कोण नव्हेत, ते.”

बाहेर भाऊसाहेब जनरेटरवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होते. पूर्ण दिवसाचं भाडं का, हा मुद्दा होता.

“मला आधी सांगायचं, बुवा,” पुष्कर म्हणाला. “पहिल्याच दिवशी सांगायचं. मी थांबलो असतो.”

“तू रोज सकाळी किती आशेनं बसायचास रे.”

पुष्करने तोंड फिरवलं.

“पुसून टाकतो,” तो म्हणाला. “सगळं. वीज आली की सगळं पुसतो.”

बुवांनी हात पुढे केला. बोटं चाचपडत काळ्या काचेवर गेली, मघाशी गाल होता तिथे थांबली.

“इथलं पुसशील.”

मग तेच बोट त्यांनी आपल्या कपाळाला लावलं.

बोट तसंच ठेवून म्हणाले, “फार सुंदर झालंय, पुष्कर. हे गळायचं नाही.”

यंत्र पुण्याला परत गेलं. खाली उतरवताना कोणी थट्टा केली नाही.

पुष्करने सगळे चेहरे पुसले. जुन्या यंत्रातलेही. पुसायला क्षण लागला. त्या बाबतीत जुनं यंत्रही कमी पडलं नाही.

दिवाळी झाली. पणत्या बुवांना दिसल्या. पुढे थंडीत एका सकाळी त्यांनी ओसरीवर विचारलं, “अजून उजाडलं नाही का?” ऊन पायरीपर्यंत आलं होतं. कोणी उत्तर दिलं नाही. तेव्हा ते म्हणाले, “बरं,” आणि पुन्हा विचारलं नाही.

मुंबईच्या कंपनीने पुष्करला बोलावलं. तिथे हवं ते यंत्र होतं, चाकांसकट. तो गेला नाही. का गेला नाही, ते त्याला सांगता आलं नसतं. काकडआरती झाली की सवयीने तो जुन्या संगणकासमोर जाऊन बसे. बटण दाबत नसे.

एक दिवस भिंत चाचपत बुवा आत आले. आपल्या नेहमीच्या जागी बसले. पडद्याकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच.

दोघं बसत. बोलत काही नसत. काळ्या काचेत दाराचा उजेड पडलेला असे.

फाल्गुनातल्या एका सकाळी बुवांनी विचारलं, “आज काय आणलंस?”

“काही नाही, बुवा. यंत्र बंद आहे.”

“पडद्यावर?”

“काहीच नाही.”

बुवा पुढे झुकले. पूर्वी झुकत तसे, नाक काचेजवळ नेऊन. ते दोन शब्द येतील म्हणून सवयीने पुष्करचे खांदे आवळले.

...

ते आले नाहीत.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. झांजे भाऊसाहेब काखेत अर्जाची नस्ती घेऊन उभे होते.

“मार्च आलाय, बुवा. हे एक प्रकरण लोंबकळतंय. वर्ष बंद करण्याआधी निकाली काढावं लागेल.”

“मी अर्ज मागे घेतो,” पुष्कर म्हणाला.

“घ्या की. पण अर्ज मागे घ्यायचा तर तसा अर्ज करावा लागेल.”

“वाचा,” बुवा म्हणाले. ते अजून तसेच झुकलेले होते.

भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि कचेरीच्या सुरात वाचायला घेतलं. विषय वाचला. संदर्भ वाचले. यंत्र, पडदा, स्टँड, चाकं ऐच्छिक. शेवटच्या ओळीला आले.

“सबब, सदर प्रस्ताव आपल्या...”

ते अडखळले. उभ्या नोकरीत हा शब्द त्यांनी हजारदा लिहिला असेल. बुवांच्या डोळ्यांकडे पाहून तो त्यांच्या तोंडातून निघेना.

“आपल्या काय?”

“...अवलोकनार्थ व आदेशार्थ सविनय सादर.”

बुवा हलले नाहीत.

“शेरा काय लिहू, बुवा?”

पुष्कर बुवांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. बुवांचा डावा डोळा आधी बारीक झाला. मग उजवा. हसल्यासारखे.

“भाऊसाहेब,” बुवा म्हणाले, “लिहा... पाहिले.”

भाऊसाहेबांनी तसं लिहिलं, आणि खाली बुवांचा अंगठा घेतला.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.